दाजींची हूल

पत्त्यांच्या बैठकीत दाजी कुठे बसलेत हे शोधावं लागत नाही. पाठीला भिंत, कुशीला लोड आणि समोर सगळ्यांची तोंडं दिसतील अशी जी एकमेव जागा असते, तिथे ते आधीच मांडी ठोकून बसलेले असतात. मागून कोणी पानं बघू नयेत म्हणून ही खबरदारी. वास्तविक दाजींच्या हातात काय आहे हे कळायला त्यांची पानं बघायची गरज आजवर कोणालाच पडलेली नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

नात्याने ते आमच्या ताईचे यजमान. पण हे लिहिणं त्यांच्या एकट्यावर नाही, कारण दाजी घरोघरी असतात. कुठे त्यांना काका म्हणतात, कुठे जावईबापू, कुठे ते सोसायटीचे खजिनदार असतात. हळदीच्या रात्री मंगल कार्यालयात खाली बायकांची मेंदी रंगायला लागली, की वरच्या खोलीत गाद्या एकत्र ओढल्या जातात, एखाद्या भाच्याला सुट्टे आणायला पिटाळलं जातं आणि तीन पत्तीचा डाव मांडला जातो. गणपतीच्या जागरणालाही हेच. बाकीचे खेळायला बसतात. दाजी शिकवायला.

दाजींच्या आयुष्याचे दोन कालखंड आहेत, गोव्याच्या आधीचा आणि गोव्यानंतरचा. ऑफिसच्या सहलीत ते पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर गेले आणि तिथे त्यांना पोकर दिसलं. (नुसतं दिसलं, असं ताईला सांगितलेलं आहे.) परत आले ते ज्ञानी होऊनच. तेव्हापासून आमची तीन पत्ती त्यांना भातुकली वाटते. तरी ते बसतात, पहाटेपर्यंत बसतात, आणि पानं पिसता पिसता आम्हाला तत्त्व सांगतात: "पत्ते खेळायचे नसतात रे, माणूस खेळायचा असतो."

त्यांचं दैवत म्हणजे अमेरिकेतला ख्रिस मनीमेकर. पैसे करणारा, हे त्याचं खरं आडनाव आहे. पेशाने अकाउंटंट. २००३ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत हा गडी इंटरनेटवरची छोटी फेरी जिंकून पोचला आणि ८३८ खेळाडूंना मागे टाकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. शेवटी समोर होता सॅम फार्हा, मुरलेला व्यावसायिक. एका डावात मनीमेकरकडे काही म्हणजे काही जुळलेलं नव्हतं आणि फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरने चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सगळे पैसे पुढे ढकलले. फार्हाने बराच वेळ विचार करून पानं टाकून दिली. ही कथा दाजी सत्यनारायणाच्या पोथीइतक्या भक्तीने सांगतात. अकाउंटंट हा शब्द आला की थोडं थांबतात, कारण ते स्वतः एका कंपनीच्या हिशेब विभागात आहेत.

एक मान्य करायला हवं, दाजींचा अभ्यास खोटा नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर १९४४ साली खेळांच्या सिद्धान्तावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात पोकरमधल्या हूल देण्याचं गणित आहे, हे आमच्या अख्ख्या खानदानात फक्त दाजींना ठाऊक आहे. हूल हा स्वभावाचा खेळ नव्हे, हिशेबाचा भाग आहे, असं त्या गणिताचं सांगणं. तुम्ही फक्त चांगल्या पानांवर पैसे लावलेत, तर तुम्ही पैसे लावले रे लावले की समोरचे उठून जाणार आणि तुमचे तीन एक्के वाया जाणार. म्हणून मधूनमधून रद्दी पानांवरही तितक्याच ठामपणे लावायचं. त्याचाही भाव ठरलेला आहे. मध्ये साठ रुपये जमलेत आणि तुम्ही तीस टाकून हूल दिलीत, तर तीन वेळांत एकदा समोरचा पळाला तरी तुमचं नुकसान नाही. हे सगळं दाजींना तोंडपाठ आहे.

फक्त ते उलटं करतात.

त्या गणितातली खरी मेख अशी, की हूल द्यायची ती अगदी भिकार पानांवर. मधल्या पानांवर नव्हे. हातात सत्त्यांची जोडी आहे. बरी आहे, गप्प राहून स्वस्तात शो झाला, म्हणजे पानं दाखवायची वेळ आली, तर जिंकेलही. पण तिच्यावर मोठी रक्कम फेकली की काय होतं? जोडीखालचे सगळे पळतात, म्हणजे ज्यांना तुम्ही एरवीही हरवणार होतात ते. उरतो तो फक्त तुमच्यापेक्षा भारी पानवाला. दाजी नेमकं हेच करतात. सत्त्यांची जोडी आली की त्यांच्या अंगात लास व्हेगास संचारतं. आणि दुर्री, पंजी, नव्वी अशी तीन रंगांची खरी रद्दी आली, की "अभ्यासू माणूस वाईट पानांवर वेळ घालवत नाही" म्हणून पॅक, पानं खाली.

दुसरी गफलत माणसांच्या संख्येची. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० हात बनतात आणि त्यांतल्या १६,४४० हातांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे चारांतले तीन जण नुसते बसलेले असतात. (याच मोजणीत असंही निघतं की तीन सारख्या पानांचे हात ५२ आहेत आणि एका रंगाच्या सलग पानांचे ४८; तरी वरचढ मान तीन सारख्यांनाच. हे मी एकदा दाजींना सांगितलं, तर त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी व्याह्यांना स्वतःचा शोध म्हणून ऐकवलं.) "समोरच्याकडे काही नसतंच" हे दाजींचं म्हणणं म्हणूनच खरं आहे, समोर एक जण असेल तर. समोर पाच जण असले की पाचांपैकी एकाकडेही काही नाही असा योग चार-पाच डावांतून एखाद्या वेळी येतो. मनीमेकरसमोर त्या डावात एकटा फार्हा होता. दाजींसमोर आम्ही पाच मेव्हणे, शिवाय मामा.

आणि मामा पॅक होत नाहीत. तत्त्व म्हणून नव्हे. मांडी मोडून उठायचा कंटाळा. ते पानं न बघता ब्लाइंड खेळतात, दर खेपेला पाच रुपये टाकतात आणि दोन खेपांच्या मध्ये डुलकी काढतात. ब्लाइंडवाल्याने पाच टाकले की पानं बघितलेल्याला दहाची चाल करावी लागते, आणि आमच्या घरच्या नियमाप्रमाणे ब्लाइंडवाल्याकडे शो मागता येत नाही. दाजी दुप्पट भरत राहतात आणि मामांच्या चेहऱ्यावर काही खूण दिसते का ते निरखत राहतात. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कसली खूण दिसणार? हूल द्यायला समोरचा घाबरणारा लागतो, आणि घाबरायला रक्कम घाबरण्याजोगी लागते. पाच रुपयांच्या बूटात, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या वर्गणीत, दोनशेचा मान राखायला कोण पॅक होणार?

आता दाजींच्या स्वतःच्या खुणेबद्दल.

ते पानं उचलतात. तिन्ही एकावर एक घट्ट धरतात, नाकाजवळ नेतात आणि अंगठ्याने वरचं पान तसूतसूने सरकवतात, जणू सावकाश सरकवलं तर खालच्या सत्तीचा एक्का होईल. बघून झालं की पानं गादीवर पालथी, वर चष्म्याचं घर. चेहरा कोरा. इथवर सगळं पोकरच्या शास्त्राप्रमाणे. हात चांगला असला की ते तसेच मुकाट्याने दहा टाकतात. हूल द्यायची असली की मात्र त्यांच्या मनात एकाएकी सगळ्या जगाबद्दल माया दाटून येते. "अरे, चहा सांगा रे कोणीतरी सगळ्यांना," असं म्हणत ते पन्नासची नोट टाकतात. "मामांना बिनसाखरेचा."

चहा म्हटला की चाल, हे आमच्या घरात दहावीतल्या भाच्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ताईलाही. दाजींना कोणी सांगितलेलं नाही. घरातली सगळी भांडणं, वाटण्या, रुसवेफुगवे पार करून हे एक गुपित टिकलेलं आहे, कारण ते टिकण्यात सगळ्यांचाच फायदा आहे. शिवाय चहा येतोच.

तरीही कधीतरी त्यांची हूल लागू पडते. चहा सांगायच्या आत मामा खरंच आडवे होतात, दोघे फोनवर असतात, उरलेले कंटाळून पानं टाकतात. मधली रक्कम दाजींची. शहाण्याने पैसे ओढावेत, पानं गड्डीत मिसळावीत आणि गप्प बसावं. दाजींना हे जमत नाही. ते पानं उलटी करून गादीच्या मधोमध मांडतात. "बघा. काय होतं माझ्याकडे? सत्त्यांची जोडी! आणि पळालात सगळे!"

एकदा मी म्हटलं, "दाजी, मग दाखवता कशाला? फुकट बघायला मिळालं ना आम्हाला."

"मनीमेकरला कॅमेरा होता," ते म्हणाले. "त्याच्याकडे काही नव्हतं हे साऱ्या जगाने टीव्हीवर बघितलं. आपल्याकडे कॅमेरा आहे का? मग दाखवावंच लागतं."

यावर उत्तर नाही. पोकरवाले म्हणतील की पकडली गेलेली किंवा दाखवलेली हूलसुद्धा वाया जात नाही. पुढच्या वेळी खरा हात आला की लोक थाप समजून पैसे भरतात. बरोबर आहे. पण त्यासाठी खरा हात येईपर्यंत दम धरावा लागतो, आणि दाजी पुढच्याच डावाला चहा सांगतात.

बैठकीबाहेरही त्यांचं हेच. पगारवाढीच्या वेळी त्यांनी साहेबांना सांगितलं, "मला दुसरीकडून ऑफर आहे." साहेबांनी उठून हात मिळवला आणि अभिनंदन केलं. घरी येऊन दाजी म्हणाले, "साहेब पोकर खेळत असणार."

मधली काही वर्षं ते मोबाइलवर पोकर खेळायचे, पैसे लावून. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशांचे असे खेळ बंद झाले. "मी हरलो नाही, सरकारने मला पॅक केलं," हे त्यांचं निवेदन. कॅसिनो महाराष्ट्रात येईल ही त्यांची आशाही जुनीच. त्यासाठीचा कायदा राज्याने १९७६ साली केला, कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं ब्लाइंड, शेवटी पॅक. आमच्या मामांनाही इतका दम नाही. गंमत म्हणजे खुद्द आमच्या बैठकीकडे बघण्याची कायद्याची नजर १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यापासूनची आहे, म्हणून हे कार्यालय कुठलं ते लिहिलेलं नाही.

तुमच्या घरीही दाजी असतीलच. त्यांच्याशी खेळताना बूट पाचाच्या वर नेऊ नका, हरलात तर मनापासून "वा!" म्हणा, आणि एखाद्या डावाला ते गप्प बसून मुकाट्याने दहा टाकायला लागले तर मात्र पानं खाली ठेवा. आणि हा लेख आमच्या दाजींच्या हाती पडणार नाही एवढं बघा. घरात अजून तीन लग्नं व्हायची आहेत.