अंधार पळवून लावणाऱ्या साहेबांना

राधानगरीच्या तलावाकाठी रात्रीचा दिवस करणारे अनोळखी साहेब,



मे संपता संपता आमचं घर भरतं. मुंबईची आत्या, पुण्याचा काका, नात्यातली झाडून सगळी पोरं. कोकणातल्यांना समुद्राचा काठ, तसा आम्हाला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या लक्ष्मी तलावाचा. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं, भाकरी, सतरंज्या आणि अंधार पडला की काजवे, एवढाच बेत. त्यातला अंधारच तुम्हाला बघवला नाही. केवढा हा कळवळा! गाडीचे अप्पर दिवे आमच्यावर रोखलेत, डिकी उघडून स्पीकर सोडलात. आमच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्या रात्री दिसले ते तेवढेच.

तुम्हीही काजवेच बघायला आला होतात म्हणे. ‘कुठायत काजवे?’ असं झाडालाच दरडावत होता. साहेब, नर लुकलुकून साद घालतो, मादी उजेडानंच होकार देते. पावसाची झड लागण्याआधीच्या थोड्या दिवसांत त्यांचं जमायचं असतं. तुमच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं हॅलोजन मारला तरी चाललं, कारण नवरी आधीच ठरली होती. इथं ती अजून शोधायची होती.

गव्यांनाही तुम्ही गाणी ऐकवलीत, हा मोठेपणा. 1958 पासून अभयारण्यात राहून बिचारे असल्या करमणुकीला मुकले होते. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात हे जंगल घेतलं. त्या वारशात फुटक्या बाटल्यांचीच काय ती उणीव होती, तीही तुम्ही भरून काढलीत. सकाळी आमच्या आत्यानं तुमचं हे योगदान पोत्यात भरलं. काच उचलताना तिनं तुम्हाला दिलेले आशीर्वाद मात्र इथं छापण्याजोगे नाहीत.

पुढच्या मे महिन्यात जरूर या. रस्सा वाढू. फक्त दिवे विझवा, गाणी बंद करा, मोबाइल खिशात ठेवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसा. हे झेपणार नसेल, तर दाजीपूरवरून फोंडा घाट उतरा, पुढं कुणकेश्वरचा किनारा मोकळाच आहे, असं सुचवणार होतो. पण तिथंही कुणाचं तरी घरदार वाळूत जेवायला बसलेलं असणार. तेव्हा तुम्ही घरीच थांबा. तिथं विजेची सोयही चांगली असेल.

आपला,
तलावाकाठच्या पंगतीतला एक राधानगरीकर