वरच्याला सल्ला

यावलमध्ये सल्ल्याला भाव नाही. केळीला कधी असतो, कधी नसतो; सल्ल्याला तो कधीच नव्हता, कारण आवक फार. बसस्टँडवर उभं राहून नुसतं म्हणा, की पिलबागेची पानं पिवळी पडायला लागली. ज्याच्या घरी तुळशीच्या कुंडीपलीकडे शेती नाही असा माणूसही पंपाला किती मिली टाकायचं ते सांगेल, वर चहा पाजेल. अशा गावात मी सल्ल्याची फी घ्यायचं ठरवलं आणि तशी पाटी रंगवून घेतली. तीही दोन रंगांत.

या सगळ्याच्या मुळाशी एक डिप्लोमा आहे. आमचं कृषी केंद्र वडिलांपासूनचं. आबा सातवी, मी बी.कॉम. कंपनीचा माणूस जेवढं सांगून जायचा तेवढंच दोघांना पिकातलं कळायचं, आणि दुकान चालायला तेवढं पुरायचं. मग औषधं विकणाऱ्याला शेतीचं शिक्षण हवं असा सरकारनं नियम केला. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांसाठी एक वाट होती: हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेनं २००३ साली सुरू केलेली, निविष्ठा विक्रेत्यांसाठीची एक वर्षाची पदविका. आठवड्यातून एकदा, रविवारी नाहीतर बाजाराच्या सुट्टीला बसायचं. ४० वर्ग आणि ८ शिवारभेटी. फी तेव्हा २० हजार होती, त्यातली निम्मी सरकारनं भरली. इंग्रजी आद्याक्षरं जोडून या अभ्यासक्रमाचं नाव झालंय ‘देसी’. मी घरी सांगितलं, “आता दर रविवारी देसीच्या क्लासला जाईन.” आबांनी पेपर खाली घेतला. “त्याले क्लास कायले लागतो? आपल्या चौकातले सगळे बिगर क्लासचेच शिकले.”

क्लासात मात्र आक्रीतच होतं. दुकानदारांना गोळा करून माल कमी कसा खपवायचा ते शिकवत होते. मातीपरीक्षण केल्याशिवाय खत देऊ नका. किडीनं नुकसानीची आर्थिक पातळी ओलांडल्याशिवाय फवारा सुचवू नका. मित्रकिडी ओळखा, त्यांना जगू द्या. मागच्या बाकावर साठीला आलेले एक विक्रेते होते. त्यांनी हात वर केला. “सर, मंग शटर कसाले उघडायचं?” सरांनी थोडा विचार केला आणि पुढची स्लाइड लावली.

मला चटका लावला तो मृद-जलसंधारणाच्या धड्यानं. त्यात आमच्याच उशाशी असलेली गोष्ट निघाली. सातपुडा संपतो आणि तापीकाठची काळी जमीन सुरू होते त्यांच्या मधे एक लांबलचक पट्टा आहे. डोंगरातल्या नद्या-नाल्यांनी युगानुयुगे आणून टाकलेले गोटे, खडी, वाळू. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. या पट्ट्यात पाणी साचत नाही, गडप होतं, आणि खाली विहिरींना लागतं. त्याच्याच जिवावर यावल-रावेरची केळी उभी राहिली. मग केळीनं प्यायलं त्यापेक्षा आम्ही जास्त उपसलं; विहिरी आटल्या, बोअर शेकडो फूट खाली पाण्याच्या मागं धावले, आणि हे तालुके अतिउपशाचे म्हणून सरकारी कागदांत नोंदले गेले. मी वर्गातून घरी आलो तो थेट भगीरथ होऊनच.

त्यात पुतण्याचा आयोवाहून फोन. तिकडे म्हणे २००२ च्या शेती कायद्यापासून सरकार खासगी माणसांना प्रमाणपत्र देतं. शेतकरी यादीतून आपला सल्लागार निवडतो, सल्लागार त्याच्या रानाचा माती-पाण्याचा आराखडा करतो, आणि त्यासाठी पैसे सरकारकडून मिळतात. “काका, तुम्ही हेच करा.” मी थोडी चौकशी केली तर आपल्याकडेही कृषी पदवीधरांनी सल्ला केंद्रं काढावीत, फी घेऊन सेवा द्यावी, म्हणून ‘अ‍ॅग्री-क्लिनिक’ योजना निघाली ती एप्रिल २००२ मध्येच. म्हणजे सरकारी माणसं सल्ल्याला पुरत नाहीत, हे दोन्ही देशांना एकाच साली सुचलं. फरक इतकाच, की तिथं पैसे सरकार देतं आणि इथं ते शेतकऱ्याच्या खिशातून काढायचे. मी काही कृषी पदवीधर नव्हतो. पण पाटी रंगवणाऱ्यानं प्रमाणपत्र मागितलं नाही.

‘माती व पाणी संधारण सल्ला. फी रु. २००.’

पहिल्या आठवड्यात पाटीनं गर्दी खेचली. लोक वाचायचे, आत यायचे आणि विचारायचे, “दोनशेत काय काय येतं?” एकाला सल्ल्यावर स्टीलचा डबा फ्री हवा होता. एकानं पावसाची गॅरंटी मागितली. बरं, पाण्याच्या नावानं खिशात हात घालायला आमची माणसं नाखूश आहेत म्हणावं तर तसंही नाही. समोरच्या चहावाल्याकडे एक पाणाड्या बसतो. हातावर नारळ आडवा ठेवतो, रानभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं बोअर. त्याला नारळ, टॉवेल, वर पाकीट. बोअर कोरडा गेला तर तो म्हणतो, “तुमच्या नशिबात नव्हतं.” माझ्या डिप्लोमात अशी सोय नव्हती.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. गिऱ्हाईक खताची पावती होईस्तोवर थांबलं, की मी सुरू व्हायचो: आपल्या खानदेशात पाण्याच्या माणसाला मोबदला द्यायची रीत शेकडो वर्षांची आहे. धुळ्याकडे पांझरेवर बंधारे घातले, फड पद्धत बसवली. गावकऱ्यांनी मिळून पाटकरी नेमला, राखणीला माणूस नेमला, त्यांचा मेहनताना स्वतः दिला, धान्यात नाहीतर पैशात. एका फडात एक पीक, आणि पाणी कुणाला कधी हे पाटकऱ्याच्या हाती. एक म्हातारा हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, “तो पाटकरी पाणी आणून द्यायचा का नुसता सांगायचा?”

अशात आप्पा आले. हरिपुऱ्याच्या बाजूला, पायथ्याशी, त्यांची उताराची मुरमाड जमीन. बोअर आटलेला, पाणाड्याचा नारळ दोनदा खोटा पडलेला. थोडक्यात, माणूस विज्ञानाकडे वळायला पिकून तयार होता. फी दीडशेवर तुटली आणि ए-फ्रेम माझी, असं ठरलं.

ए-फ्रेम म्हणजे बांबूचं मोठं इंग्रजी ए अक्षर. माथ्याला दोरी, दोरीला दगड. आडव्या बांबूच्या मधल्या खुणेवर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं एकेक पाऊल टाकत गेलं, की उतारावर समपातळीची रेघ मिळते आणि त्या रेघेवर चर-बांध घातला की पाणी पळत नाही, जागच्या जागी मुरतं. मी फ्रेम दुकानातच बांधली. पाय उलटसुलट करून मधली खूण अगदी पुस्तकाबरहुकूम काढली. इथवर कुणीही, अगदी परीक्षकांनीही, माझ्यात खोट काढली नसती.

पण सकाळी रानात जाताना फ्रेम आप्पांच्या सालदाराच्या खांद्यावर होती. मुरमात पाय रुतत नाही हे बघून त्यानं विळ्यानं एका पायाला झकास टोक काढलं. चार बोटं बांबू गेला. टोकदार पाय रोवायला सोपा, म्हणून दर पावलाला तोच पुढं. दोन्ही पाय पाळीपाळीनं पुढं आले असते तर एकाची कसर दुसऱ्यानं भरून निघाली असती. आखुड पाय कायम पुढं म्हटल्यावर फ्रेम प्रत्येक पावलाला चार बोटं वर चढत होती आणि दोरी मात्र इमानदारीनं मधल्या खुणेवर.

सुरुवात आम्ही खालच्या तात्यांच्या बांधापासून केली होती. निम्म्यात आल्यावर आप्पा थांबले. “भाऊ, आपण चढाले लागलो ना?”

“आप्पा, डोळ्याला भास होतो. दोरी बघा.”

“पन माह्या पायाले बी भास व्हऊन राह्यला. पोटऱ्या भरून आल्या.”

मी त्यांना गुरुत्वाकर्षणाबद्दल थोडं सांगितलं. मग जेसीबी आला आणि माझ्या रेघेवर चर-बांध झाला. लांबून बघताना तो इतका डौलदार दिसत होता, की मी बांधाबरोबर फोटो काढून आयोवाला पाठवला.

आर्द्रात एका रात्री दणकून पाऊस झाला. आप्पांच्या रानातलं एक थेंब पाणी वाया गेलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. एरवी ते फाटे फुटत दहा वाटांनी नाल्याला जायचं. त्या रात्री ते सगळंच्या सगळं माझ्या चरात शिस्तीत उतरलं, ओळीनं चालत जिथून आखणी सुरू केली होती तिथं गेलं, आणि तात्यांच्या बांधालगतच्या गोट्या-वाळूच्या जुन्या खड्ड्यात शिरून दिसेनासं झालं. बझाड्याचं वर्णन पुस्तकात वाचलं होतं तस्संच. पंधरवड्यात तात्यांच्या विहिरीला परसभर पाणी चढलं.

तात्या दुकानात पेढे घेऊन आले. त्यांच्या मागोमाग आप्पा आले, त्यांच्या हातात काही नव्हतं.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं: दीडशे परत. मी म्हटलं, सल्ल्याचा गुण तर आलाय, लाभ तात्यांना झालाय, तेव्हा तात्यांनी दीडशे आप्पांना द्यावेत. तात्यांनी उरलेले पेढे कागदात गुंडाळले. “मी कधी सल्ला मागतला व्हता?” कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. बाकी जगाचंही असंच आहे. वर कुणीतरी पाणी मुरवतो आणि खालचा म्हणतो, माझी विहीर पायाळू आहे. शेवटी मी दीडशे परत केले. चराची पातळी एका गवंड्यानं पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या नळीनं दुपारपर्यंत सुधारून दिली. त्याला आप्पांनी घासाघीस न करता मागेल तेवढी मजुरी दिली. त्याच्याकडे पाटी नव्हती.

मी पाटी उतरवायला शिडी मागवली होती, त्याच दिवशी तात्यांच्या खालचा शेतकरी आला. इकडेतिकडे बघून काउंटरवर वाकला. “भाऊ, आप्पाच्या वावरात घातला तसाच बांध तात्याच्या वावरात घाला. पैसे मी देतो. तात्याले सांगू नका.”

शिडी परत गेली. गावात बातमी अशी पसरली होती, की हा माणूस ज्याला सल्ला देतो त्याचं काही होत नाही, पण त्याच्या खालच्याचं कल्याण होतं. धंद्याची मेखच मला सापडली. आपल्या रानासाठी छदाम न देणारी माणसं वरच्याला शहाणपण यावं म्हणून आनंदानं पैसे काढतात. एकानं आपल्या वरच्या चुलतभावासाठी पैसे भरले. त्या दोघांत बारा वर्षं बोलणं नव्हतं.

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी तापी मेगा रिचार्जच्या करारावर सह्या केल्या. तापीचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायचं, बझाड्यात मुरू द्यायचं, आणि जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावतीपासून पलीकडच्या बऱ्हाणपूर-खंडव्यापर्यंत भूजल वर आणायचं. आबांनी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तुह्याच पद्धतीनं करून राह्यले. दोन्ही सरकारांले मोजमापाले बांबू नको देऊ म्हणजे झालं.”

परवा आप्पा पुन्हा आले. राग गेलेला दिसत होता. खुर्ची ओढून बसले, पाटी नीट वाचली.

“भाऊ, एक काम व्हतं. वरच्याले सल्ला द्याचा.”

“तुमच्या वर कोण आहे?”

“वर? वर वनखातं.”

मी जरा दचकलोच. आप्पांच्या बांधापलीकडे सागाची झाडं सुरू होतात ती थेट सातपुड्याच्या माथ्यापर्यंत.

“दीडशे देतो,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, ऑफिसात अर्ज द्यावा लागेल, साहेबाला भेटावं लागेल. दोनशेच्या खाली परवडत नाही.”

आप्पांनी एकशे सत्तर काढून काउंटरवर ठेवले.