घरात सावरडो शिरल्यास घ्यावयाची काळजी

प्रस्तुत पत्रक सावरडो, म्हणजे घरच्या आंबवणावर फुगवलेला पाव, करणाऱ्यासाठी नाही. त्याला शिकवणारे यूट्यूबवर उदंड आहेत आणि तो एव्हाना कुणाचं ऐकण्यापलीकडे गेलेला असतो. हे पत्रक त्याच्या घरच्यांसाठी आहे.

लक्षणे. हा प्रकार बहुधा निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत बळावतो. ज्या गृहस्थाला आजवर साखरेचा डबा सापडला नाही, तो एकाएकी ग्रॅममध्ये बोलू लागतो. मीठ किती घातलंत विचारलं, तर म्हणतो, दोन टक्के. कशाच्या? तर पिठाच्या. पीठ १०० टक्के, पाणी ७०, आंबवण २०, मीठ २. एकूण १९२ टक्के. आमच्या ह्यांनी ३५ वर्षं बँकेत काढली, पण या बेरजेत त्यांना काही वावगं वाटत नाही.

नियम पहिला: नावावरून वाद घालू नये. सासूबाई चिपळूणकडच्या, वय वर्षं ८४. ‘आई, मी सावरडो करतोय’ हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘सावर्ड्याला? कुणाकडे रे?’ तेव्हापासून आमच्या घरी ओट्यावरच्या बरणीचं नाव सावर्डे असंच आहे.

नियम दुसरा: बरणीला धक्का लावू नये आणि तिच्या प्रकृतीवर भाष्य करू नये. बरणीत असतं काय? पीठ आणि पाणी, समसमान वजनाचं. पिठातच रानटी यीस्ट आणि आंबट करणारे जिवाणू असतात, त्यांना रोज ताजं पीठ खाऊ घालायचं, की आठ-दहा दिवसांत आंबवण तयार. मात्र मधला घोटाळा कुणी सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणी फसफसून वर येते. आमच्याकडे त्या दिवशी बंगळुरूला मुलीला फोन गेला, फोटो गेले. चौथ्या दिवशी सगळं चिडीचूप. वर पिवळसर पाणी, खाली चिखल. हे जेवले नाहीत. वास्तविक पहिला फेस भलत्याच जिवाणूंचा असतो. आंबटपणा वाढला की ते गारद होतात आणि खऱ्या मंडळींना जोर धरायला आणखी तीन-चार दिवस लागतात. इथे बरेच लोक बरणी ओतून देतात. तुम्ही ओतू देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सगळं पुन्हा ऐकावं लागेल.

नियम तिसरा, आणि याच्यावरून घरं मोडायची वेळ येते. रोज ५० ग्रॅम आंबवण ठेवायचं, त्यात ५० पीठ आणि ५० पाणी घालायचं आणि बाकीचं टाकून द्यायचं. टाकून! चांगलं पीठ! नाही टाकलं, तर ५० चे १५०, १५० चे ४५०, चौथ्या दिवशी चार किलो. चक्रवाढीचा हा हिशेब ह्यांनी मला ज्या आनंदाने समजावला, तेवढ्या आनंदाने घरकर्जाचा हप्ता कधी समजावला नव्हता. मी म्हटलं, माझ्या ओट्यावरून पीठ मोरीत जाणार नाही. मग काय, धिरडी. मूठभर तांदळाचं पीठ, चमचाभर बेसन, मिरची, कोथिंबीर, मीठ. पातळसर करून बिडाच्या तव्यावर. जाळी सुरेख पडते, हे नाइलाजाने नोंदवते. पण सोमवारी धिरडी, मंगळवारी धिरडी, गुरुवारी पाहुणे आले तर धिरडी! पाव अजून जन्माला यायचा होता.

फ्रीजचा मधला कप्पा गेला असं समजावं.

हवामान. सगळ्या पाककृती लिहिणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात २१-२२ अंश असतात. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर ३८ आणि रात्री दहालासुद्धा ओटा कोमट. ह्यांनी पुस्तकाबरहुकूम आठ तासांचा गजर लावला. सातव्या तासाला पीठ परातीच्या काठावरून ओघळून मिक्सरखाली पसरलं होतं. सासूबाई काठी टेकत आल्या, म्हणाल्या, ‘घड्याळाकडे काय बघतोस? पिठाकडे बघ. आंबोळीचं पीठ मी कधी गजर लावून आंबवलं का रे?’ त्यानंतर दुरुस्त्या झाल्या: उन्हाळ्यात आंबवण २० ऐवजी १० टक्के, पाणी माठातलं, आणि पीठ दीडपट झालं की आकार देऊन रात्रभर थेट फ्रीजमध्ये. ओल्या बोटाने दाबलेला खळगा सावकाश, अर्धामुर्धा भरून आला म्हणजे भाजायला तयार. पटकन उसळला तर अजून अवकाश आहे. तसाच राहिला तर धिरडी.

पिठाबद्दल थोडक्यात. नुसत्या गिरणीच्या कणकेचा पाव करू देऊ नये. कोंड्याने पिठातला ताण तुटतो, पाव बसतो. आमचा पहिला पाव पाहून सासूबाईंनी विचारलं होतं, ‘वरवंटा कुठून आणलास?’ मैदा सत्तर, कणीक तीस, असा समझोता आता आहे.

आता कढई. माझी बिडाची कढई, वीस वर्षं तेलावर पोसलेली. जाड झाकणबंद भांड्यात पाव भाजला की त्याचीच वाफ आत कोंडते, साल लवकर कडक होत नाही आणि पावाला फुलायला अवसर मिळतो. वीस मिनिटं झाकून, मग वीस-पंचवीस मिनिटं उघडा. सगळं मान्य. पण २३० अंशांच्या ओटीजीमध्ये प्लॅस्टिकच्या मुठीचं झाकण घालू नये, हे बँकेच्या अंतर्गत परीक्षा पास झालेल्या माणसाला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. त्या वासाचा पाव मोलकरणीच्या पोरानेही घेतला नाही.

व्याख्याने. ही टाळता येत नाहीत. रोमन काळात प्लिनी लिहून गेला की लोक आदल्या दिवशीची कणीक राखून ठेवत. गोव्याचे पोदेर माडाच्या सुरेने पाव फुगवत. बेल्जियममध्ये सेंट व्हिथ गावी २०१३ पासून आंबवणांचं ग्रंथालय आहे, शंभरावर बरण्या, थंड कपाटांत. मी विचारलं, तिकडे कपाट भाड्याने मिळेल का? सासूबाईंच्या विरजणाला मात्र ग्रंथालय नाही. ते त्यांनी चिपळूणहून फडक्यात बांधलेल्या वाटीतून आणलं, त्याला आता पन्नास वर्षं होतील. वजन कधी केलं नाही, नोंदवही नाही.

पाव बाहेर आल्यावर तासभर कापू नये, आत तो अजून शिजत असतो. या तासात घरच्यांनी सुरी लपवावी. परवा पहाटे सहाला ह्यांनी मला उठवलं. वाटलं, छातीत दुखतंय की काय. तर म्हणे, ऐक. पाव निवताना साल तडकते, बारीक बारीक, पाचोळ्यावरून कुणी चालल्यासारखी. आम्ही दोघं ओट्याला कान लावून उभे. माझा चहा राहिला तो राहिलाच.

सासूबाईंच्या कवळीला साल झेपत नाही. त्या मधला भाग चहात बुडवून खातात आणि म्हणतात, ‘खारी बरी असते.’ दुसरा तुकडा मागून घेतात.

शेवटचं: रुग्ण परगावी गेल्यास. गेल्या महिन्यात हे आठ दिवस मुलीकडे बंगळुरूला गेले. बरणी फ्रीजमध्ये ठेवून, झाकणावर सूचना चिकटवून. थंडीत आंबवण आठवडाभर उपाशी राहू शकतं, त्याला काही होत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी तिकडे बघणारच नव्हते. पाचव्या दिवशी दूध तापवत होते, तर मागून सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, सावर्ड्याला जेवायला घातलंस का?’

म्हटलं, ‘कालच घातलं. पण ह्यांना सांगू नका.’