तीर्थरूपांच्या ग्राफिक्स टॅब्लेटविषयी सविस्तर खुलासा

न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

ग्राफिक्स टॅब्लेट म्हणजे संगणकाला जोडायची सपाट पाटी आणि तिच्यावर फिरवायचे पेन. तिचे दोन प्रकार. पहिल्याला पडदा नसतो. पेन पाटीवर चालते आणि रेघ मॉनिटरवर उमटते. दुसऱ्यात पाटीलाच पडदा असतो, त्यामुळे रेघ पेनाच्या टोकाखालीच दिसते. पहिला प्रकार अमेरिकेत साठ डॉलरच्या आत मिळतो. दुसऱ्याचे दुकान साधारण दोनशेच्या आसपास उघडते. नातवाने तिसरा मार्ग म्हणून आयपॅड सुचवला आहे. सुट्टीत सांगलीस आल्यावर तो आयपॅड कोणाच्या हाती असेल हे पाहता ही शिफारस निःपक्षपाती धरता येत नाही.

हौसेसाठी पहिला प्रकार पुरतो. त्याची एकच खोड आहे: हात टेबलावर आणि डोळे समोर, अशी फारकत सहन करावी लागते. सुरुवातीस नजर सवयीने पाटीकडे जाते आणि तिथे काहीच दिसत नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'अ' श्रेणी मिळवलेला हातही या काळात आंबा काढायला जाऊन वांगे काढतो. रोज थोडा वेळ बसले की नजर आणि हात यांची समजूत पटते.

पेनात सेल नसतो, चार्जिंगही लागत नाही. पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती विद्युतचुंबकीय संकेत सोडते, पेनातले वेटोळे त्याला साद देते आणि त्या प्रतिसादावरून टोक कुठे आहे, किती जोराने दाबले आहे हे पाटीला कळते. म्हणूनच पेन पाटीला न टेकवता किंचित वर धरले तरी पडद्यावरचा बाण फिरू लागतो. हा बिघाड नव्हे. शेजारच्या इलेक्ट्रिशियनला बोलावण्याचे कारण नाही. या तंत्राच्या जोरावर १९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉमने बरीच वर्षे बाजार हातात ठेवला. आता ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन या चिनी कंपन्या कमी पैशांत सेलविना चालणारे पेन देतात.

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा दाबाच्या पायऱ्यांचा असतो: २०४८, ४०९६, ८१९२ आणि हल्ली १६३८४. लग्नपत्रिकेतल्या पदव्यांप्रमाणे तो वाचून पुढे जावे. २०४८ आणि ८१९२ यांतला फरक हौशी हाताला जाणवत नाही. पेन किती हलक्या स्पर्शाने जागे होते हे खरे महत्त्वाचे, आणि नेमके तेच खोक्यावर क्वचित सापडते.

आकाराकडे मात्र नीट पाहावे. वॅकॉमच्या छोट्या पाटीवर रेघ उमटणारा भाग १५२ बाय ९५ मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाएवढा. मॉनिटर मोठा असेल तर पाटीवरची तसूभर रेघ तिथे चांगलीच लांब होते, आणि सारे काम मनगटावर येते. दहा बाय सहा इंचांच्या पाटीवर कोपरापासून हात फिरवता येतो, पण मग टेबलावर पाटी, कीबोर्ड आणि चहाचा कप यांपैकी एकाला उठावे लागते. मातोश्रींचे मत कपाच्या विरोधात असल्याचे फोनवरून कळले आहेच. या दोहोंच्या मधला आकार हाच तोडगा.

जोडणी झाल्यावर प्रथम एक वर्तुळ काढून पाहावे. ते अंड्यासारखे दिसले, तर दोष हाताचा नसून प्रमाणाचा: पाटी आणि मॉनिटर यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण वेगळे असते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण जुळवले की वर्तुळ गोल होते. विंडोजवर पेन क्षणभर दाबून धरले की टोकाभोवती कडे फिरते आणि रेघ अडखळते. ती उजव्या क्लिकची सोय बंद करावी. जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर संगणकात असेल तर तो आधी काढून टाकावा, नाहीतर दोन ड्रायव्हर भाऊबंदकीने वागतात.

निब झिजते. कागदासारख्या खरखरीत पाटीवर लवकर झिजते, आणि झिजलेले टोक एका बाजूने छिन्नीसारखे तिरपे होऊन पाटीवर ओरखडे काढते. सोबत मिळणाऱ्या छोट्या कड्याच्या फटीत निब धरून सरळ ओढली की निघते. दातांनी ओढू नये. हे घरातल्या सर्वांच्या माहितीसाठी.

चित्रे काढायला क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसे आहे. महिन्याला पैसे मागणारी सॉफ्टवेअरे हौसेच्या पहिल्या वर्षी घेऊ नयेत.

टॅब्लेट येथून आणावा की काय, हा तीर्थरूपांचा शेवटचा प्रश्न. वॉरंटी बहुधा ज्या देशात खरेदी होते तिथेच चालते. येथून नेलेले यंत्र सांगलीत बिघडले तर दुरुस्तीसाठी त्याला पुन्हा विमानात बसवावे लागेल. हीच मॉडेले भारतात ऑनलाइन मिळतात. तेव्हा पडदा नसलेली, मधल्या आकाराची पाटी तिथेच घ्यावी, बिल जपून ठेवावे आणि मागवण्यापूर्वी टेबलाची रुंदी मोजून कळवावी.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.