फारच बाळबोध

चाकणच्या आमच्या कारखान्यात मराठी भाषा गौरव दिनाच्या पाट्या माझ्याकडे आल्या, कारण माझं अक्षर बरं आहे. (बाकी सगळं जेमतेम.) मसुदा वाचून साहेब म्हणाले, "फारच बाळबोध झालंय हो." मी म्हणालो, "आभारी आहे."

नुकताच मोडीचा वर्ग केल्याचा हा परिणाम. तिथे कळलं होतं की बाळबोध म्हणजे आपली देवनागरीच. दफ्तरात, हिशेबाच्या वहीत मोडी चालायची. पोथीत आणि पुढे छापखान्यात बाळबोध, पोरालाही उमजेल अशी. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 मध्ये मुलांसाठी मासिक काढलं, तेही 'बालबोध'. 'बाळबोध वळणाचं घर' म्हटलं की स्थळ निम्मं जमायचं. 1950 च्या सुमारास मोडी सरकारी कामकाजातून गेली. माझा आपला तर्क असा, की एकच लिपी उरल्यावर तिला वेगळ्या नावाची गरज संपली. मग नाव मोकळं झालं आणि पोरकट लिखाणाला जाऊन चिकटलं.

हे साहेबांना ऐकवलं. ते मोबाईल बघत राहिले.

मग चिडून कॅन्टीनचा फळा मोडीत लिहिला: आज जेवण साडेबाराऐवजी एक वाजता. मोडीत आधी सबंध रेघ ओढायची, मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबवायची. शब्दांमध्ये जागा नको, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नको. शुद्धलेखनापायी आयुष्यभर मार खाल्लेल्या माणसाला याहून काय हवं?

साडेबाराला रांग लागली. वॉचमनला फळ्यावरची लिपी कानडी वाटली, स्टोअरवाल्याला डॉक्टरची चिठ्ठी. कंत्राटातल्या बिहारच्या एका मुलानं विचारलं, "सर, इसमें लिखा क्या है?" मी ऐटीत वाचायला गेलो आणि माझंच अक्षर मला लागेना. त्यानं मुकाट्यानं डस्टर उचललं आणि लिहिलं: खाना 1 बजे. रांग पांगली. त्याची हिंदीही आपल्याच बाळबोधीत, हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये जागा आहे, आणि कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणीही. तेव्हा खेड-मावळात कुणाच्या माळ्यावर जुने कागद असतील तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या पुरालेखागारात विचारा, जाणकार गाठा. माझ्याकडे मात्र आणू नका.