लाड न लागणारं गवत

"काकू, मोकळ्या आहात का? जरा कुंपणाशी या. नातवाच्या माशांच्या टाकीसाठी रोपं काढून ठेवलीत."

"ही होय? कांद्याच्या पातीसारखी दिसतायत गं."

"व्हॅलिस्नेरिया. दुकानात नुसतं व्हॅलिस म्हणतात. आपल्याकडच्या तळ्यानद्यांत आपोआप वाढतं हे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको, भारी दिवे नकोत. बोअरचं जड पाणीसुद्धा चालतं."

"मग त्या कोपऱ्यावरच्या बंगलेवालीचं कसं सडलं? दुकानदाराने फसवलं म्हणून गल्लीभर सांगत होती."

"सडेल नाही तर काय! रोप मानेपर्यंत वाळूत पुरलं. मुळंच तेवढी आत हवीत, पानं फुटतात तो पांढरा भाग वर. त्यात शेवाळ जावं म्हणून लिक्विड कार्बन ओतलं. त्यातलं ग्लुटारल्डिहाइड व्हॅलिसला सोसत नाही, पानं विरघळतात. आणि नव्या पाण्यात आलं की जुनी पानं थोडी गळायचीच. पण बाईंना धीर कुठला? रोज उपटून मुळं बघायच्या. सुनेच्या संसारातही तेच चाललंय."

"हळू बोल, खिडकी उघडी आहे त्यांची."

"असू दे. एकदा रुजलं ना, की वाळूलगत धुमारे सोडतं. धुमाऱ्याच्या टोकाला नवं पिल्लू. त्याला चार-पाच पानं आणि मुळं आली की तोडून लावायचं."

"फुलं येतात का?"

"तीच तर गंमत! भाचीच्या बारावीच्या पुस्तकात आहे. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नरफुलं बारीकशी, बुडाशीच येतात; देठ तोडून सुटतात नि वर तरंगत फिरतात. मादीफूल लांब देठावरून पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन थांबतं. एखादं नरफूल वाहत येऊन टेकलं, की देठाची गुंडाळी होते आणि बाई खाली पाण्यात, फळ धरायला."

"अगं बाई! आणि तो?"

"तो कुठला थांबतोय!"

"म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या…"

"काकू!"

"बरं, राहिलं."

"टाकीत गोल्डफिश आहेत ना? त्यांना उकरायची खोड. मुळं धरेपर्यंत भोवती गोटे ठेवा. फार वाढलं तर झाडाच्या आळ्यात टाका, ओढ्यात सोडू नका."

"दोन रोपं बंगलेवालीला देऊ?"

"द्या खुशाल. माझं नाव तेवढं सांगू नका. उद्या परत सडलं तर दुकानदाराच्या जागी मी!"