‘युटिल्स’ फोल्डरच्या जन्मदात्यास खुले पत्र

महोदय,

गिट ब्लेम लावला की ओळीओळीसमोर तुमचंच नाव येतं, म्हणून पत्र तुम्हालाच. ‘युटिल्स’ हे फोल्डर तुम्ही काढलंत. त्यात ‘कॉमन’, ‘कॉमन’च्या पोटात ‘हेल्पर्स’, आणि तेही ओसंडून वाहायला लागल्यावर ‘हेल्पर्स२’. विचार करायचा कंटाळा आला की तुम्ही आकडा लावून मोकळे!

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. बदल करायला बसलो, तर दर दोन ठिकाणी मिळाला: एकदा बिलाच्या फाइलमध्ये, एकदा तारखा छापणाऱ्या फाइलच्या तळाशी. तिसरी जागा ग्राहकाच्या अकाउंटंटने दाखवली, चुकीचं बिल हातात पडल्यावर. ‘हेल्पर्स२’मध्ये तुम्ही १२ टक्के थेट गुणाकारात कोंबले होते. त्या बाईंची बोलणी तुमच्या वाटची होती, खाल्ली आम्ही.

पुढे बदलू शकेल असा निर्णय एकाच मॉड्यूलमध्ये बंद करून ठेवा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच लिहून ठेवलंय. कराचा दर बदलतो, हे शाळकरी पोरही सांगेल. तुम्ही तो गावभर वाटून ठेवलात.

लिनक्स कर्नलमध्ये कोट्यवधी ओळी आहेत, तरी फाइलसिस्टिम ‘एफएस’मध्ये आणि मेमरीचा कारभार ‘एमएम’मध्येच मिळतो. मावेनच्या प्रोजेक्टमध्ये चाचण्या कुठे असतात, हे नव्या माणसाला विचारावं लागत नाही. गो भाषेत तर ‘इंटर्नल’ फोल्डरमधलं पॅकेज परक्याने इम्पोर्ट केलं, तर बिल्डच होत नाही. हे संकेत लोकांनी हौसेखातर पाडलेले नाहीत. तुमच्यामागून येणाऱ्याचे हाल होऊ नयेत, एवढ्यासाठी ते आहेत, आणि नेमकी तीच फिकीर तुम्हाला नव्हती.

फोल्डरच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल, इम्पोर्टमध्ये स्मॉल. मॅकवर ते खपून गेलं, लिनक्सच्या सर्व्हरवर बिल्ड कोसळलं. त्यावर ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे तुमचं उत्तर ग्रुपवर अजून आहे. वाचलं की आजही डोकं फिरतं.

करासाठी आता आम्ही वेगळं फोल्डर केलंय, ‘हेल्पर्स२’ काढून टाकलंय. तुम्ही नवीन प्रोजेक्ट हातात घेतल्याचं कळलं. तिथे ‘मिस्क’ काढायला हात शिवशिवले, तर शेजारच्या ज्युनिअरला आधी विचारा, ‘यात काय असेल असं तुला वाटतं?’ त्याला सांगता आलं नाही, तर ते काढू नका.

तुमच्या खुर्चीवर बसलेला,
एक प्रोग्रामर